मुलांची चक्कर आणि तोल: तपासणी कोणत्या क्रमाने करावी

मुलाला चक्कर येते म्हणून दवाखान्यात येणाऱ्या पालकांच्या पिशवीत पुष्कळदा मेंदूच्या स्कॅनचा अहवाल आधीपासूनच असतो. पण त्या मुलाचा उभ्याने रक्तदाब कोणी घेतलेला नसतो, त्याला डोळे मिटून एका पायावर उभे करून पाहिलेले नसते आणि त्याला नीट ऐकू येते की नाही, हेही तपासलेले नसते. हा क्रम उलटा आहे. मुलांमधील चक्कर येण्याच्या आणि तोल जाण्याच्या बहुतेक तक्रारींचा उलगडा नीट विचारलेल्या प्रश्नांतून आणि साध्या खोलीत करता येणाऱ्या तपासणीतून होतो. यंत्रांची गरज त्यानंतर पडते आणि तीही सर्वांना पडत नाही. नाशिक शहरातील व जिल्ह्यातील कुटुंबाचे डॉक्टर, शाळा-अंगणवाड्यांमध्ये मुले तपासणारी पथके आणि आपल्या मुलाची तक्रार नीट मांडू इच्छिणारे पालक यांच्यासमोर हा क्रम ठेवावा, यासाठी हे लिहीत आहे.

आधी वेळ विचारावी, मग निमित्त

लहान मुलाला आपल्याला नेमके काय होते हे शब्दांत सांगता येत नाही. ते "पोटात कसंतरी होतं" म्हणते, "घर हलतं" म्हणते, किंवा काहीच न बोलता आईचा पदर धरून बसते. "तू फिरत होतास की खोली फिरत होती?" असे विचारले, तर डॉक्टरांना जे हवे असेल असे त्याला वाटते तेच उत्तर ते देते. त्याऐवजी "काय होतं ते हाताने करून दाखव बरं," असे म्हणावे. गरगरणे असेल तर मूल हात गोल फिरवते, झोक जात असेल तर अंगच कलते करून दाखवते. तरीही या वर्णनावर फार विसंबू नये. चक्कर किती वेळ टिकते आणि कशाने सुरू होते, ही दोन उत्तरे वर्णनापेक्षा कितीतरी भरवशाची असतात.

अंथरुणातून उठताना किंवा प्रार्थनेला उभे असताना काही सेकंद अंधारी येत असेल, तर रक्तदाबाकडे आणि नाडीकडे पाहावे. अंथरुणावर कूस बदलताच काही सेकंद सगळे गरगरत असेल, तर अंतर्कर्णातील, म्हणजे कानाच्या सर्वांत आतल्या, तोल सांभाळणाऱ्या भागातील सूक्ष्म कण जागचे हलले असण्याची शक्यता असते. हा प्रकार मोठ्यांमध्ये नेहमीचा असला तरी मुलांमध्ये कमी आढळतो आणि आढळला तर आधी डोक्याला मार लागला होता का, हे विचारावे. काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत टिकणारे आणि पुन्हा पुन्हा येणारे झटके बहुतांशी अर्धशिशीच्या कुळातले असतात. सर्दी-तापानंतर किंवा त्याच्या आगेमागे सुरू होऊन दिवसेंदिवस सतत राहणारी, उलट्यांसह येणारी गरगर अंतर्कर्णाच्या नसेला सूज आल्याने होऊ शकते, पण तिथे लहान मेंदूचा (मेंदूच्या मागच्या बाजूच्या, तोल व हालचाली सांभाळणाऱ्या भागाचा) आजार नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागते. झटके मुळीच नाहीत, पण मूल सतत धडपडते, उशिरा चालू लागले आणि अंधारात चाचपडते, अशी कहाणी असेल तर दोन्ही अंतर्कर्णांचे तोल सांभाळण्याचे काम कमी पडते आहे का, हा प्रश्न मनात आलाच पाहिजे.

अर्धशिशीबद्दल थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण मुलांमधील वारंवार येणाऱ्या गरगरीचे ते सर्वांत नेहमीच्या कारणांपैकी एक आहे आणि डोके दुखत नसल्यामुळे ते निसटते. बारानी सोसायटी ही चक्कर व तोलाच्या विकारांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आणि आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटना यांनी 2021 मध्ये मुलांसाठी स्वतंत्र निकष प्रसिद्ध केले. त्यांनुसार मध्यम किंवा तीव्र स्वरूपाचे, पाच मिनिटे ते 72 तास टिकणारे किमान पाच झटके आलेले असावेत, मुलाला सध्या किंवा पूर्वी अर्धशिशी असावी आणि निदान निम्म्या झटक्यांमध्ये अर्धशिशीचे एखादे लक्षण, म्हणजे तशी डोकेदुखी, उजेड व आवाज दोन्ही सहन न होणे किंवा डोळ्यांपुढे नागमोडी रेषा दिसणे, सोबत असावे. अर्धशिशीची अशी साथ नसताना एक मिनिट ते 72 तासांचे किमान तीन झटके आले असतील आणि दुसरे कारण सापडत नसेल, तर त्याला बालवयातील पुनरावर्ती चक्कर म्हणतात. दोन ते पाच वर्षांचे मूल खेळता खेळता एकाएकी पांढरे पडते, घाबरून जवळच्या माणसाला घट्ट धरते, काही मिनिटांनी उठते आणि जणू काही झालेच नाही असे पुन्हा खेळू लागते, ते हेच. झटक्याच्या काळात मूल पूर्ण शुद्धीवर असते आणि हाकेला ओ देते. ते देत नसेल तर अपस्माराचा (फिट येण्याच्या आजाराचा) विचार करावा.

आपल्याकडे घरातल्या मोठ्यांची अर्धशिशी विचारताना "तुम्हाला मायग्रेन आहे का?" या प्रश्नाला बहुतेक आया नाही म्हणतात, कारण त्या आपल्या दुखण्याला पित्त म्हणतात. "पित्त झालं की अर्धं डोकं ठणकतं का, अंधारात पडून राहावंसं वाटतं का, उलटी झाल्यावर बरं वाटतं का?" असे विचारले की आईच नव्हे, तर आजी आणि मावशीही त्यात सापडतात. मुलाला गाडी लागते का, हेही विचारावे. कसारा घाटात किंवा सप्तशृंगी गडाच्या वळणांवर प्रत्येक वेळी उलटी होणारी मुले या गटात पुष्कळ असतात. नुसती गाडी लागणे हा आजार नव्हे. पण झटक्यांच्या जोडीला ते असेल तर पारडे त्या बाजूला झुकते.

निमित्त विचारताना मुलाचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. सकाळची शाळा, मग क्लास, मग पुन्हा अभ्यास, पोटात चहा-बिस्कीट आणि झोप जेमतेम, असा दिनक्रम शहरातल्या पुष्कळ किशोरवयीन मुलामुलींचा असतो, आणि एप्रिल-मेच्या उन्हात त्यात पाणी कमी पिण्याची भर पडते. मुलींना पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हे आईसमोर आणि एकटीलाही विचारावे. निफाड-दिंडोरी भागातल्या द्राक्षबागांमध्ये राहणाऱ्या मुलाला अचानक चक्कर, मळमळ, घाम आणि लाळ सुटू लागली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर फवारणी कधी झाली, हा पहिला प्रश्न असावा आणि मुलाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात हलवावे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण अशा आदिवासीबहुल तालुक्यांतील मुलांमध्ये सिकलसेलची तपासणी झाली आहे का, ते पाहावे; सिकलसेल असलेल्या मुलाला अचानक चालता येईनासे झाले किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघात असू शकतो.

जन्माचा इतिहास आणि औषधांची यादी ही दोन पाने कधीही वगळू नयेत. नवजात अतिदक्षता विभागात जेंटामायसिन किंवा अमिकासिन ही प्रतिजैविके दिली होती का, मेंदूज्वर झाला होता का, क्षयरोगाच्या उपचारात इंजेक्शने घेतली का, अपस्मारासाठी फेनिटॉइन चालू आहे का? जेंटामायसिन, अमिकासिन आणि क्षयरोगाची काही इंजेक्शने अंतर्कर्णाच्या पेशींना इजा करू शकतात, तर फेनिटॉइनची मात्रा जास्त झाली की मूल झिंगल्यासारखे चालते आणि त्याचे डोळे थरथरतात. आईवडिलांचे लग्न नात्यातले आहे का, हेही विचारावे.

जिथे थांबायचे नाही

पुढील खुणांपैकी एकही असेल तर सावकाश तपासणीचा विचार सोडून त्याच दिवशी मुलाला पुढे पाठवावे. पहाटे डोकेदुखीने जाग येणे व त्याबरोबर उलटी होणे. काही दिवसांपासून वाढत जाणारा झोक, एका बाजूला कललेली मान, दोन-दोन दिसणे किंवा एकाएकी बिघडलेले अक्षर. ताप व मान ताठ होणे. डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारी गुंगी, कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे. अचानक ऐकू येईनासे होणे. धावता धावता किंवा पोहताना शुद्ध हरपली असेल, अथवा घरात कोणाचा तरुणपणी अकस्मात मृत्यू झाला असेल, तर मेंदूच्या आधी हृदयाची विद्युत आलेख तपासणी (ईसीजी) करावी. जन्मजात बहिऱ्या मुलाला बेशुद्धीचे झटके येत असतील तर ही तपासणी कधीच चुकवू नये, कारण बहिरेपणाबरोबर हृदयाच्या ठोक्यांचा जीवघेणा दोष असणारा एक आनुवंशिक आजार आहे आणि तो या साध्या आलेखावर ओळखता येतो.

मुलाला हलताना पाहावे

तपासणी टेबलावर नव्हे, दारापासून सुरू होते. मूल खोलीत कसे येते, खुर्चीवर कसे चढते, खाली पडलेली वस्तू कशी उचलते, हे त्याच्या नकळत पाहावे. मग त्याच्याशी खेळावे. आपल्या अंगणातल्या खेळांमध्ये तोलाची जवळजवळ सगळी परीक्षा होते: लंगडीत एका पायाचा तोल कळतो, शेताच्या बांधावरून किंवा फरशीच्या रेघेवरून पावलाला पाऊल लावून चालण्यात लहान मेंदूचे काम दिसते आणि आंधळी कोशिंबीर खेळायला जे मूल ठामपणे नकार देते, त्याला डोळ्यांच्या आधाराशिवाय तोल सांभाळता येत नसण्याची शक्यता असते.

वयाचा हिशेब मात्र डोक्यात हवा. आधाराशिवाय बसणे साधारण नऊ महिन्यांपर्यंत आणि आधाराशिवाय चालणे 18 महिन्यांपर्यंत यायला हवे. तीन वर्षांचे मूल एका पायावर जेमतेम एक-दोन सेकंद उभे राहते, पाच वर्षांचे मूल सुमारे आठ-दहा सेकंद उभे राहू शकते, आणि पावलाला पाऊल लावून सरळ चालणे पाच-सहा वर्षांच्या आसपास जमते. त्यामुळे चार वर्षांचे मूल रेघेवरून घसरले म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

यातली एक चाचणी जवळून सांगतो, कारण ती सर्वांत उपयोगी आहे आणि सर्वांत कमी केली जाते. मुलाला अनवाणी, पाय जुळवून, हात छातीवर बांधून टणक फरशीवर उभे करावे; आधी डोळे उघडे, मग मिटलेले. त्यानंतर वीतभर जाडीचा फोमचा किंवा गादीचा तुकडा ठेवून त्यावर हेच करावे आणि आपले दोन्ही हात मुलाच्या अंगाला न लावता दोन बाजूंना तयार ठेवावेत. फरशीवर पायांच्या तळव्यांकडून आणि डोळ्यांकडून मिळणारी माहिती पुरेशी असते, म्हणून अंतर्कर्ण कमजोर असला तरी मूल उभे राहते. फोमवर तळव्यांची माहिती बिघडते आणि डोळे मिटल्यावर उरलासुरला आधारही जातो. आता फक्त अंतर्कर्णच मदतीला असतो. फरशीवर घट्ट उभे राहणारे आठ-दहा वर्षांचे मूल फोमवर डोळे मिटताच लगेच कोसळत असेल, तर अंतर्कर्णाकडे बोट दाखवणारी याहून स्वस्त खूण नाही. डोळे उघडे असतानाही फरशीवरच डुलत असेल तर लहान मेंदूचा विचार करावा. आणि मूल मोठमोठे हेलकावे घेते, गुडघ्यात वाकते, पण कधीच पडत नाही, तर उलट त्याचा तोल उत्तम आहे. अशा वेळी त्याच्यावर काय ताण आहे, हे मायेने आणि एकांतात विचारावे. ते नाटक करते आहे, असे समजू नये व पालकांनाही तसे सांगू नये.

डोळे, कान आणि उभ्याने रक्तदाब

आपल्या नाकावर छोटे रंगीत स्टिकर लावावे आणि मुलाला त्याच्याकडे पाहत राहायला सांगावे. त्याचे डोके दोन्ही हातांत धरून हळू इकडेतिकडे फिरवावे आणि मध्येच, त्याला कळू न देता, एका बाजूला दहा-पंधरा अंश झटकन वळवावे. नजर स्टिकरवर टिकली तर त्या बाजूचा अंतर्कर्ण काम करतो आहे. डोळे डोक्याबरोबर सरकले आणि मग उडी मारून परत स्टिकरवर आले, तर ज्या बाजूला डोके वळवले ती बाजू कमजोर आहे. मानेला मार लागलेल्या किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलावर ही चाचणी करू नये, कारण त्यांच्या मानेचे मणके सैल असू शकतात. तक्त्यावरची अक्षरे आधी डोके स्थिर ठेवून आणि मग डोके सेकंदाला सुमारे दोन वेळा हलवत वाचायला लावावीत. तीन किंवा अधिक ओळींचा फरक पडला तर अंतर्कर्णाची नजर स्थिर ठेवण्याची शक्ती कमी झाली आहे. अशा मुलांना फळ्यावरून वहीत उतरवून घेताना त्रास होतो आणि वर्गात त्यांना आळशी ठरवले जाते.

डोळे आपोआप थरथरतात का, हे समोर, डावीकडे व उजवीकडे पाहायला लावून बघावे. अगदी टोकाला पाहताना दोन-चार झटके येणे स्वाभाविक आहे. थरथर आडवी आणि एकाच दिशेची असेल तर कारण बहुधा कानाचे असते. उभी असेल, किंवा नजरेबरोबर दिशा बदलत असेल, तर कारण मेंदूतले समजून पुढची पावले उचलावीत. दवाखान्यात येईपर्यंत झटका संपलेला असतो, म्हणून पालकांना मोबाइलवर चित्रफीत काढायला शिकवावे: चेहरा पूर्ण चौकटीत, डोळे उघडे, पुरेसा उजेड, मुलाला नाव विचारावे, डावी-उजवीकडे पाहायला सांगावे आणि जमल्यास चार पावले चालवावे.

कानाचा पडदा दोन्ही बाजूंनी पाहावा. पडद्यामागे द्रव साचणे हे लहान मुलांमध्ये तोल बिघडण्याचे नेहमीचे कारण आहे आणि त्यात कान दुखतोच असे नाही, टीव्हीचा आवाज वाढवणे आणि पुन्हा पुन्हा "काय?" विचारणे एवढीच तक्रार असू शकते. म्हणून तोलाची तक्रार असलेल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी व्हावी. याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: जन्मतः कमी ऐकू येणाऱ्या प्रत्येक मुलाचा तोल तपासावा. जन्मजात तीव्र बहिरेपणा, उशिरा चालणे आणि पुढे रात्री कमी दिसू लागणे हे तिन्ही एकत्र आले तर अशर सिंड्रोमचा विचार करून डोळ्यांच्या पडद्याची तपासणी लवकर करून घ्यावी.

किशोरवयात रक्तदाबाची तपासणी घाईने केली तर ती न केल्यासारखीच असते. मुलाला किमान पाच मिनिटे शांत झोपवावे, दंडाच्या मापाचा पट्टा वापरून रक्तदाब व नाडी मोजावी, मग उभे करून पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला पुन्हा मोजावी. तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर उभे राहिल्यावर दाब कमी होतो आहे. दाब न उतरता नाडी 40 किंवा त्याहून अधिक ठोक्यांनी वाढली, त्याच वेळी त्रासही झाला आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ चालू असेल, तर 12 ते 19 वर्षांच्या वयात त्याला पॉट्स म्हणतात; मोठ्यांसाठी ही मर्यादा 30 ठोक्यांची आहे. जोडीला हिमोग्लोबिन पाहावे: पाच ते अकरा वर्षांत 11.5, बारा ते चौदा वर्षांत आणि त्यापुढे मुलींमध्ये 12, तर पंधरा वर्षांपुढील मुलांमध्ये 13 ग्रॅमच्या खाली रक्तक्षय मानतात.

यंत्रांकडे केव्हा वळावे

इतके झाल्यावर एमआरआय लागतो तो वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणांसाठी, मेंदूकडे बोट दाखवणाऱ्या तपासणीसाठी आणि एका बाजूच्या किंवा वाढत्या बहिरेपणासाठी. लहान मेंदूचा भाग सीटी स्कॅनमध्ये नीट दिसत नाही आणि किरणोत्सर्ग मात्र होतो, म्हणून अपघातासारखी तातडी नसताना सीटी सांगू नये. व्हिडिओ हेड इम्पल्स (डोके झटकन वळवण्याची वरची चाचणी कॅमेऱ्याने), व्हेम्प (आवाज ऐकवून स्नायूंचा प्रतिसाद मोजणे), कॅलरिक या अंतर्कर्णाच्या चाचण्या मुलांना तपासण्याची सवय असणाऱ्या ऑडिओलॉजिस्टकडेच (श्रवणतज्ज्ञाकडेच) करून घ्याव्यात. कानात पाणी किंवा हवा सोडण्याची कॅलरिक चाचणी लहान मुलाला सोसत नाही, तर व्हेम्प अगदी तान्ह्या बाळातही करता येते. निदान होण्याआधी चक्कर थांबवणाऱ्या गोळ्या सुरू करू नयेत: तपासणीतल्या खुणा त्यांनी पुसट होतात, प्रोक्लोरपेराझिनसारख्या औषधाने मुलाची मान व जबडा अचानक वाकडा होऊ शकतो आणि अशा गोळ्या लांबल्या की मेंदूची तोल नव्याने शिकण्याची प्रक्रिया मंदावते.

ज्यांना खासगी तपासण्या परवडत नाहीत त्यांच्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक हा मार्ग आहे. 2013 मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असून, अंगणवाडीत आणि सरकारी व अनुदानित शाळांत तपासणी करून मुलांना पुढे पाठवतो. अंगणवाडीताईंनी "अजून चालत नाही" या नोंदीबरोबर "ऐकू येते का" हीसुद्धा नोंद केली, तर पुढच्या डॉक्टरांचे निम्मे काम होते.

संदर्भचिठ्ठीत "चक्कर, कृपया पाहावे" एवढेच न लिहिता झटका किती वेळ टिकतो, कशाने येतो, फोमवर डोळे मिटून काय झाले, झोपून आणि उभ्याने रक्तदाब-नाडी किती होती आणि श्रवणचाचणी झाली का, ही पाच उत्तरे लिहावीत. शाळेसाठीही चार ओळींचे पत्र द्यावे: झटका आल्यास मुलाला जमिनीवर बसू द्यावे, पाणी द्यावे, रागावू नये आणि तोल पूर्ण सावरेपर्यंत जिन्यावरून एकटे पाठवू नये. दोन्ही अंतर्कर्ण कमजोर असलेल्या मुलाच्या पालकांना एक गोष्ट त्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत सांगावी. पाण्याखाली डोळ्यांना दिसत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत आणि वरची बाजू कुठली हे सांगणारा कानही साथ देत नाही. म्हणून हे मूल पोहायला शिकले असले तरी गोदावरीच्या डोहात, मळ्यातल्या विहिरीत किंवा तरणतलावात हाताच्या अंतरावर मोठे माणूस असल्याशिवाय त्याला कधीही उतरू देऊ नये.